सायकल कुणाची आहे?



समितीने मला दिलेला विषय होता 'चाळिशीनंतरचा व्यायाम'. मी कळवलं, की चाळिशीनंतर व्यायाम कसा करावा हे सांगू शकणारे निदान वीस जण या सभागृहात बसलेत आणि ते रोज पहाटे आपल्या ग्रुपवर फोटोसकट सांगतही असतात. मला जरा रुक्ष विषयावर बोलू द्या. ट्रायथलॉनच्या शर्यतीत सायकली आणि सामान कसं सांभाळतात, या विषयावर.

त्याचं कारण असं. आपल्या माजी विद्यार्थी संघाने येत्या जानेवारीत शाळेच्या मैदानावर एक छोटी डुएथलॉन घ्यायचं ठरवलं आहे. आधी धावायचं, मग सायकल, मग पुन्हा धावायचं. पोहणं वगळलं, कारण चिंचवडात आपल्याला तलाव कोण देणार! आठवी-नववीची मुलं-मुली भाग घेणार आहेत आणि आपल्यातलेही बरेच जण. कामं वाटली तेव्हा सायकली सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं. गेली काही वर्षं मी अशा शर्यतींत स्वतः भाग घेते, आणि त्याहून जास्त वेळा सायकलींच्या फाटकावर व्हॉलंटिअर म्हणून उभी राहते. त्यामुळे हे काम मीच मागून घेतलं म्हणा ना.

शिक्षकांसाठी दोन वाक्यांत खेळ सांगते. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, मध्ये न थांबता. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणं असतं. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ला पहिल्यांदा झाली ती 'आयर्नमॅन ७०.३'. तिच्यात एक किलोमीटर नऊशे मीटर समुद्रात पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल चालवायची आणि वर एकवीस किलोमीटर धावायचं. पूर्ण आयर्नमॅन याच्या बरोबर दुप्पट. आपल्या पिंपरी-चिंचवडला तर असे पोलिस आयुक्त लाभले होते, की ज्यांनी २०१७मध्ये फ्रान्समध्ये पूर्ण आयर्नमॅन केली होती. कृष्ण प्रकाश, २०२० ते २०२२. ते आयुक्त असताना आपल्याकडे पहाटे सायकल घेऊन निघणाऱ्यांची संख्या एकदम वाढलेली मला आठवते. व्यायामाची आवड किती आणि साहेबांच्या नजरेत यायची हौस किती, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तर पोहून बाहेर आलं की ओल्या अंगाने धावत जायचं ते एका कुंपण घातलेल्या जागेत. तिथे लोखंडी आडव्या दांड्यांवर सायकली ओळीने टांगलेल्या असतात. प्रत्येक जागेला नंबर. या जागेला म्हणतात ट्रान्झिशन. हेल्मेट घालायचं, त्याचा पट्टा लावायचा आणि मगच सायकलला हात लावायचा. पट्टा न लावता सायकल काढली तर पंच अडवतात. सायकल करून आलात की ती पुन्हा आपल्याच नंबरवर टांगायची आणि धावायला पळायचं.

आता हिशेब बघा. मोठ्या शर्यतीत सायकल आदल्या दिवशी दुपारी जमा करावी लागते आणि ती रात्रभर तिथेच राहते. शर्यतीच्या दिवशी मालक पाण्यात असतो तेव्हा ती एकटी. नंतर मालक तीन तास धावत असतो तेव्हाही एकटी. कुलूप लावायची सोय नाही. पोहून आल्यावर कुलूप उघडत कोण बसणार? आणि चांगली सायकल आठ-नऊ किलोची. एका हाताने उचलावी इतकी हलकी, आणि किंमत मात्र दोन-तीन लाखांपासून पुढे कितीही. तुमच्या-माझ्या पहिल्या चारचाकीपेक्षा महाग सायकली तिथे शेकड्यांनी, बिनकुलपाच्या टांगलेल्या असतात. तरीही आतून सायकल जाणं सहसा घडत नाही. का घडत नाही, हे मला सांगायचं आहे. आणि जेव्हा घडतं तेव्हा कुठल्या फटीतून घडतं, तेही.

ते घडत नाही याचं कारण रखवालदाराची काठी नाही. कारण आहे नंबर. नावनोंदणीच्या वेळी तुमच्या मनगटावर एक पट्टी घट्ट बसवतात. ती कात्रीने कापल्याशिवाय निघत नाही. तिच्यावरचा नंबर तोच सायकलच्या सीटखालच्या स्टिकरवर, तोच हेल्मेटवर, तोच सामानाच्या पिशव्यांवर. सायकल बाहेर नेताना फाटकावरचा माणूस दोन नंबर वाचतो, मनगटावरचा आणि सायकलवरचा. जुळले तर जा. नाही जुळले तर जागचं हलायचं नाही. काही ठिकाणी सायकल जमा करतानाच मालकाचा सायकलसह फोटोही काढून ठेवतात.

आपल्यापैकी जे भोसरीला, चाकणला स्टोअर्समध्ये किंवा गेटवर काम करतात, त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. आपल्या एमआयडीसीत डाय दुरुस्तीला बाहेर जाते तेव्हा काय होतं? रिटर्नेबल गेट पास बनतो. गेटवरचा माणूस टेम्पोवाल्याचा चेहरा ओळखीचा आहे म्हणून गाडी सोडत नाही. टेम्पोवाला रोजचा असतो, चहा एकत्र घेतलेला असतो, तरी डायवर कोरलेला नंबर आणि पासावरचा नंबर बघितल्याशिवाय फाटक उघडत नाही. माल आत येताना कंटाळा केला तर स्टोअर्सला त्रास होतो. बाहेर जाताना केला तर माल जातो. ट्रायथलॉनवाल्यांनी मोठ्या परदेशी नावाने जी पद्धत आणली, ती या पट्ट्यातल्या गेटांवर वर्षानुवर्षं चालू आहे.

आणि शाळेत तरी काय होतं? आपल्या सायकल स्टँडवरचे शिपाईमामा आठवतात? पाचवी ते दहावीच्या सायकली. निम्म्या ॲटलस, बाकी हीरो, आणि मुलींच्या लेडीबर्ड. सगळ्या एकसारख्या. नंबर नाही, बिल्ला नाही, वही नाही. पण दुसऱ्याची सायकल घेऊन कुणी निघालं की मामा लोखंडी फाटकात आडवे उभे राहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "सायकल कुणाची आहे?" 'तू कोण' असं ते कधी विचारायचे नाहीत. आपण कोण हे त्यांना माहीतच होतं. हेडसरांच्या मुलालाही त्यांनी एकदा अडवलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तो आज इथे बसलाय आणि हसतोय, म्हणजे त्यालाही आठवतंय.

माझ्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, हे दोन वेगळे प्रश्न मानतात. तुम्ही कोण आहात, हा पहिला. तुम्हाला ही वस्तू हाताळायचा हक्क आहे का, हा दुसरा. बँकेच्या ॲपमध्ये पासवर्ड घालून तुम्ही आत शिरता, म्हणून शेजाऱ्याच्या खात्यातले पैसे तुम्हाला काढता येत नाहीत. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण थकलेला माणूस दुपारी एक वाजता फाटकावर उभा असतो, तेव्हा त्याच्या डोक्यात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. सायकली जातात त्या तिथून.

एका शर्यतीत असं झालं. शर्यतीचं नाव घेत नाही. चाकणजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशिनवर काम करणारा मुलगा, पंचविशीतला. आमच्या सकाळच्या गटात यायचा. रात्रपाळी संपवून थेट सायकलवर. भिशीचे पैसे लवकर उचलून त्याने जुनी रोड बाइक घेतली होती, पस्तीस हजारांची. पोहण्यात तो कच्चा, त्यामुळे शेवटच्या लोकांत. तो अजून धावत होता, तेव्हा पुढच्या लोकांची शर्यत संपून तासभर होऊन गेला होता. घरी जायची घाई, ऊन, बाहेर बस उभ्या. लोक फाटकावर ओरडायला लागले, म्हणून संयोजकांनी सायकली सोडायला सुरुवात केली. फाटकावर दोन मुलं, कॉलेजातली, पहाटे चारपासून उभी. गर्दी झाल्यावर ती फक्त मनगटावर पट्टी आहे का एवढंच बघायला लागली. पट्टी आहे, म्हणजे स्पर्धक आहे, जाऊ दे. कुठल्या नंबरची पट्टी, हातातली सायकल कुठल्या नंबरची, हे बघायला कुणाला वेळ नव्हता.

हा मुलगा शर्यत संपवून, गळ्यात मेडल घालून आला, तेव्हा त्याच्या नंबरच्या जागेवर हेल्मेट लटकत होतं. सायकल नव्हती.

सगळ्यांनी आधी म्हटलं, चुकून कुणीतरी नेली असेल, संध्याकाळपर्यंत परत येईल. तसं खरंच होतं कधीकधी, काळ्या सायकली एकमेकींसारख्याच दिसतात. ती आली नाही. संयोजकांनी नावनोंदणीच्या फॉर्मवरचं बारीक अक्षरातलं वाक्य दाखवलं, सामान स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावे. असं वाक्य बहुतेक सगळ्या फॉर्मवर असतं आणि आपण सगळे त्याखाली सही करतो. सायकल त्याने ऑनलाइन जाहिरात बघून रोखीने घेतली होती, पावती नव्हती. फ्रेमचा नंबर कुठे लिहून ठेवलेला नव्हता. पोलिस स्टेशनात बसून त्याला सायकलचं वर्णन सांगायला लावलं, तेव्हा तो म्हणाला, "काळी आहे, आणि पुढच्या टेपला माझ्या बहिणीने लाल दोरा बांधलाय." सायकल मिळाली नाही. भिशीचे हप्ते मात्र पुढे सात महिने चालू होते.

त्या फाटकावरच्या दोन मुलांना दोष द्यायचा नाही मला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की 'नाही' म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे. फाटकावरच्या माणसावर तीन बाजूंनी दाब असतो. रांगेचा, ओळखीचा आणि दयेचा. रांगेचा दाब सोपा, माणसं वाढवली की तो कमी होतो. ओळखीचा दाब म्हणजे, "काय मॅडम, मला ओळखलं नाही? रोज निगडीच्या चौकात भेटतो की." भेटतोस बाबा, पण मनगट दाखव.

दयेचा दाब सगळ्यांत अवघड. मी फाटकावर असताना एक बाई आल्या. रडवेल्या. नवरा धावताना चक्कर येऊन पडला, सलाइन लावलंय, त्याने सांगितलंय सायकल घेऊन ये, मुलं गाडीत बसलीत, आम्हाला निघायचंय. नंबर त्यांना पाठ होता, सायकल त्यांनी लांबून बरोबर दाखवली. मी वैद्यकीय तंबूत फोन लावला. त्या नंबरचा माणूस खरंच तिथे होता. तरी मी सायकल दिली नाही. त्यांना म्हटलं, ताई, तुमची सायकल आत माझ्या नजरेसमोर आहे, ती कुठे जात नाही. तुम्ही आधी त्यांच्याकडे जा. एका मुलाला त्यांच्यासोबत तंबूत पाठवलं. नवऱ्याने पडल्यापडल्या चिठ्ठीवर सही केली, व्हॉलंटिअरने त्याच्या मनगटाचा फोटो काढला, बाईंचं आधार कार्ड पाहिलं, आणि मग सायकल दिली. या सगळ्याला पंचवीस मिनिटं गेली. त्या बाई माझ्यावर फार चिडल्या होत्या. जाताना एकदाही बघितलं नाही माझ्याकडे. त्यांच्या जागी मीही चिडले असते. पण त्याच फाटकावर त्याच दिवशी आणखी कुणी रडत आलं असतं तर? खरं रडणं आणि खोटं रडणं ओळखण्याचं काम व्हॉलंटिअरवर टाकायचं नसतं. त्याच्या हातात चिठ्ठीची पद्धत द्यायची, म्हणजे त्याला दया दाखवता येते आणि सायकलही राहते.

पिशव्यांचं थोडक्यात. गोव्याच्या शर्यतीत निळी पिशवी सायकलच्या सामानाची, लाल धावण्याच्या सामानाची आणि पांढरी कपड्यांची. मोबाइल, पाकीट, मंगळसूत्र, अंगठी यातलं काहीही सायकलजवळ ठेवू नका. शक्यतो घरच्या माणसाकडे द्या, कुणीच नसेल तर हॉटेलात. सायकलवरचा छोटा कॉम्प्युटर रात्रभर तिथे सोडू नका, काढून खोलीवर आणा. आणि चाकांतली हवा थोडी कमी करा. हा चोरीचा विषय नाही, पण दुपारच्या उन्हात ट्यूब फुटल्याचा आवाज झाला की सगळं ट्रान्झिशन दचकतं.

गाडीची किल्ली हा मात्र खरा प्रश्न. पोहायला उतरताना किल्ली कुठे ठेवणार? जुनी लोखंडी किल्ली पोहायच्या कपड्यांच्या आतल्या खिशात चालायची, आताच्या इलेक्ट्रॉनिक किल्ल्या पाण्यात मरतात. म्हणून लोक ती चाकावर, बंपरखाली ठेवतात. शर्यतीच्या पार्किंगमध्ये फिरणाऱ्याला हे पाठ असतं. शिवाय गाडीचा मालक पुढचे सहा तास येणार नाही, हेही. शर्यतीच्या वेळा जाहीरच असतात. चोराला याहून चांगलं वेळापत्रक कोण देणार?

खरं सांगायचं तर धोका ट्रान्झिशनच्या बाहेर जास्त आहे. पिंपरीहून कोल्हापूरला राजाराम तलावाच्या शर्यतीला किंवा गोव्याला निघायचं, गाडीमागे कॅरिअरवर चार सायकली. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी मिसळ खायला सगळे एकदम उतरतात. कॅरिअरचे पट्टे सोडायला किती वेळ लागतो, ते तुम्ही स्वतः एकदा घड्याळ लावून बघा. एकाने गाडीजवळ उभं राहायचं, मिसळ त्याला तिथेच आणून द्यायची. चारही सायकलींच्या फ्रेममधून एकच जाड साखळी ओवायची. आणि मुक्कामाला सायकल खोलीत घ्यायची. हॉटेलवाला कुरकुरला तर आधी फोनवर विचारून ठेवायचं, तिथे गेल्यावर भांडायचं नाही.

आता टॅगविषयी, कारण ग्रुपवर तीन जणांनी विचारलं होतं. ॲपलचा एअरटॅग २०२१मध्ये आला. तो सीटखाली किंवा बाटलीच्या स्टँडखाली बसतो. पण त्याच्यात जीपीएस नाही. आसपासच्या आयफोनना तो आपलं अस्तित्व ब्लूटूथने कळवतो आणि ते फोन जागा कळवतात. गोव्याच्या किनाऱ्यावर आयफोन पुष्कळ. चाकणच्या मागच्या एखाद्या बंद गोदामात कदाचित एकही नाही. अँड्रॉइडचं असंच जाळं २०२४मध्ये सुरू झालं, ते आपल्याकडे जास्त कामाचं. आणखी एक गोष्ट. कुणाच्या तरी पाठलागासाठी वापर होऊ नये म्हणून हे टॅग सोबतच्या अनोळखी फोनवर सूचना देतात. म्हणजे चोरालाही कळू शकतं. टॅग जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. आणि टॅगने एखाद्या घराचा पत्ता दाखवला, तर एकटे जाऊन दार वाजवू नका, पोलिसांना घेऊन जा.

पोलिसांवरून कायद्याचं सांगते. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या शिक्षकांपैकी अनेकांना आठवत असेल, पूर्वी सायकलला कर असायचा आणि कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा. तो सायकलला लावला नसेल तर दंड. कंदील नसेल तर दंड, डबलसीट बसलात तर दंड. त्या बिल्ल्याला आपण कितीही नावं ठेवली तरी सायकलला सरकारदरबारी एक नंबर होता. आता सायकलचा कुठेच पत्ता नाही. ती मोटार वाहन नाही, त्यामुळे आरटीओशी संबंध नाही. तीन लाखांची असो वा तीन हजारांची, तिची ओळख म्हणजे दुकानाची पावती आणि फ्रेमचा नंबर. हा नंबर बहुतेक सायकलींना पॅडल जिथे बसतात, त्या नळीच्या खाली ठोकलेला असतो. आज घरी जाऊन सायकल उलटी करा आणि त्या नंबरचा फोटो काढा. जुनी सायकल विकत घेताना साध्या कागदावर का होईना, नंबर घालून विकणाऱ्याची सही घ्या.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं कलम आता ३०३. त्यात एक नवा भेद आला आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र. म्हणजे एफआयआर नाही, एनसी. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिस तपासही करत नाहीत. आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. किरकोळ चोरीसाठी कुणाला तुरुंगात सडवू नये, हा विचार मला मान्य आहे. पण आपल्या पट्ट्यात याचा अर्थ काय होतो बघा. कुरुळीहून, म्हाळुंग्याहून, निघोज्याहून कामावर सायकलने जाणारी माणसं अजून आहेत. त्यांची सायकल जुनी. किंमत विचारली की ते प्रामाणिकपणे सांगतात, "असेल साहेब, तीन-चार हजाराची." झालं, एनसी. त्या माणसाला उद्यापासून पाळीला शेअर रिक्षाचे पैसे मोजायचेत किंवा चालायचंय. माझी सायकल गेली तर मी हळहळेन, पण सोमवारी ऑफिसला पोचेन.

म्हणून जवळ पावती असेल तर किंमत पावतीप्रमाणे लिहून घ्या. सायकलीला नंतर बसवलेलं सामान, दिवा, कॅरिअर, नवीन टायर, हेही यादीत घाला. खोटं लिहू नका, पण खरं आहे ते पूर्ण लिहा. आणि शर्यतीला जाताना हायवेवर सायकल गेली आणि पुण्यात आल्यावर लक्षात आलं, तरी तक्रार कुठल्याही पोलिस स्टेशनला देता येते. हद्द आमची नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. चाकण पूर्वी पुणे ग्रामीणमध्ये होतं, १५ ऑगस्ट २०१८पासून ते पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आलं, तेव्हापासून निदान आपल्यासाठी हा हद्दीचा घोळ जरा कमी झाला.

आता आपल्या जानेवारीच्या कार्यक्रमाकडे येते. समितीच्या बैठकीत एक सूचना आली होती, ती कुणाची ते सांगत नाही. सूचना अशी, की माजी विद्यार्थ्यांच्या महाग सायकली कुंपणात ठेवू, त्यांना पट्ट्या, स्टिकर वगैरे करू, आणि मुलांच्या सायकली नेहमीसारख्या स्टँडवर. खर्च वाचेल. माझा याला विरोध आहे आणि तो मी बैठकीतही नोंदवला. मुलांच्या सायकली बघा. आठवीतल्या मुलीची सायकल पुष्कळदा घरातली एकमेव सायकल असते. रविवारी ती शर्यतीत, सोमवारी सकाळी तिचे बाबा ती घेऊन कामावर. अशी सायकल शाळेच्या आवारातून, शाळेच्याच कार्यक्रमात गेली, तर एफआयआरसुद्धा होणार नाही. ते आत्ताच सांगितलं. आणि त्या घराला आपण कुठल्या फॉर्मवरचं बारीक अक्षर दाखवणार? तुमच्या तीन लाखांच्या सायकलीला आणि तिच्या सायकलीला एकच दांडी, एकच स्टिकर, एकच पट्टी. सगळ्यांना पुरतील इतक्या पट्ट्यांचा खर्च, मी चौकशी केली आहे, आपल्या आजच्या जेवणातल्या गुलाबजामांपेक्षा कमी आहे.

फाटकं दोन ठेवू. एक आत जायचं, एक बाहेर यायचं. बाहेरच्या फाटकावर चार माणसं, दर दीड तासाने बदली. एकाने मनगट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने सायकल मोठ्याने वाचायची, तिसऱ्याने यादीवर खूण करायची. चौथा रांगेतल्या लोकांशी बोलायला, त्यांना पाणी द्यायला, त्यांचा राग ऐकायला. चौथ्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं आहे, त्यासाठी मला गोड बोलणारी माणसं हवीत. शेवटचा मुलगा धावून येईपर्यंत एकही सायकल बाहेर सोडायची नाही. आपली शर्यत छोटी आहे, चाळीस मिनिटं थांबायला कुणाची ट्रेन चुकणार नाही. तेवढ्या वेळात पोहे ठेवू. आणि पालकांनाही आत सोडायचं नाही. मुलाचं हेल्मेट नीट लावून द्यायला म्हणून आत आलेली आई चांगल्या हेतूनेच येते, पण एकदा एक आई आत आली की दोनशे येतात.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मुलांच्या सायकलींचे फ्रेम-नंबर टिपून घ्यायचे. प्रत्येक मुलाला एक कार्ड द्यायचं. त्यावर सायकलचा नंबर, रंग, खुणा आणि मुलाचा सायकलसह फोटो. ते कार्ड शर्यतीनंतरही घरी राहील. पुढे कधी स्टेशनात जायची वेळ आली, तर "काळी आहे आणि लाल दोरा आहे" याच्यापुढे सांगायला काहीतरी हातात असेल. कार्डाचा नमुना मी तयार केला आहे. चित्रकलेच्या बाई इथे आहेत, त्यांनी तो बघून दुरुस्त करावा, माझ्या रंगसंगतीवर त्यांचा पूर्वीपासून विश्वास नाही.

मला बारा माणसं हवीत. ज्यांनी कंपनीच्या गेटवर, स्टोअर्समध्ये, डिस्पॅचला काम केलं आहे, त्यांना पहिला मान. पळणाऱ्यांना माझ्याकडे जागा नाही, फाटकावर उभं राहणाऱ्यांना आहे. शिपाईमामांच्या मुलाशी बोलणं झालं आहे. मामांना आता फार वेळ उभं राहवत नाही, पण फाटकाजवळ खुर्ची टाकली तर येतो म्हणाले. वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, फोन, आणि सकाळची पाळी की दुपारची, ते लिहा.